दीडपट दाब

कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायला लागले, त्या पहिल्या वर्षी मी प्रत्येक धडा आधी घरी मोठ्यानं म्हणून बघायचे. वर्गात एकदा अडखळलं की मागच्या बाकावरची मुलं वर्षभर सोडत नाहीत, हे मला स्वतःच्या मागच्या बाकावरच्या अनुभवावरून ठाऊक होतं. नाना पेठेतल्या एका दुमजली घरातल्या वरच्या दोन खोल्या आम्ही नवरा-बायकोनं नुकत्याच भाड्यानं घेतल्या होत्या. एका रविवारी सकाळी मी भिंतीकडे तोंड करून म्हणत होते, "ब्लू चिप कंपनी म्हणजे मोठी, जुनी, नामांकित, आर्थिकदृष्ट्या भक्कम आणि सातत्याने लाभांश देणारी कंपनी." दुसऱ्यांदा म्हणायला लागले तर जिन्यावर काठी वाजली आणि दारात घरमालक येऊन उभे राहिले.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "मोठे, जुने आणि नामांकित तर माझे सासरेही होते. त्यांच्यावर मी चार आणे लावले नसते."

खालून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "ऐकू येतंय मला."

"तिला सगळं ऐकू येतं," ते म्हणाले.

मी विचारलं, "मग मुलांना काय शिकवू?"

"पुस्तकातलंच शिकवा. त्यांना पास व्हायचंय. पण तुम्हाला तरी कळायला हवं. बॉयलर कसा तपासतात माहीत आहे?"

"नाही."

"मग चहा ठेवा. वेळ लागेल."

चहा झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की बॉयलर तपासताना त्यात वाफ नसते. तो गळ्यापर्यंत गार पाण्यानं भरतात, सगळी तोंडं बंद करतात आणि रोज जितक्या दाबावर चालवायचा त्याच्या दीडपट दाब त्या पाण्याला देतात. मग एक माणूस हातात दिवा आणि छोटी हातोडी घेऊन त्याच्याभोवती फिरतो आणि कुठं घाम फुटतोय का ते बघतो. एक थेंब दिसला तरी बॉयलर बंद.

"रोजच्या दाबाला सगळेच टिकतात," ते म्हणाले. "कंपनीचंही तेच. बऱ्या वर्षी तिच्याकडे बघून काही कळत नाही. वाईट वर्ष येऊ द्यायचं आणि मग दिवा घेऊन फिरायचं."

'ब्लू चिप' हा शब्द मात्र ते कधीच वापरत नसत. जुगाराच्या टेबलावरची सगळ्यात महाग चकती निळी असायची, त्यावरून तो शब्द आला, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "जुगाराचा शब्द आणि कष्टाचा पैसा मी एका वाक्यात घेत नाही," असं म्हणून ते सरळ 'पक्की कंपनी' म्हणत. पेठेत लोक त्यांना बॉयलरसाहेब म्हणायचे. मी चाचा म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला चाची.

सरकारी बॉयलर तपासनीस म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली होती. साखर कारखाने, कापडगिरण्या, औषधांचे कारखाने, जिथं जिथं वाफ होती तिथं तिथं ते गेले होते. त्या नोकरीनं त्यांचा डावा कान नेला होता. उजव्या कानानं मात्र जे ऐकायला नको ते सगळं ऐकू येई. यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय लागल्यामुळे ते घरातही भाषण केल्यासारखे बोलत. आमच्या घरात कोणतीही गोष्ट खासगी राहत नसे. त्यांना काही सांगायचं तर आपल्यालाही ओरडावं लागे.

त्यांचे पणजोबा लष्करासाठी खोगिरं शिवायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. चाचा घरात चाचींशी त्यांच्या दखनी बोलीत बोलत आणि उंबऱ्याबाहेर पडले की असं मराठी बोलत की सदाशिव पेठेनं कान द्यावा. रागावायचे तेसुद्धा मराठीतच. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "उर्दूत रागावलं की समोरच्याला वाटतं शेर ऐकवतोय. मराठीत रागावलं की त्याला कळतं."

बँकेतल्या ठेवीचं व्याज ते घेत नसत. त्यांच्या धर्मात ते बसत नव्हतं हे तर होतंच, पण त्यांचं स्वतःचंही एक म्हणणं होतं. "व्याज म्हणजे काय? तू बुडालास तरी माझं मला दे. भागीदारी म्हणजे तू बुडालास तर मीही बुडालो. मला दुसरं पटतं." त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी आपली सगळी पुंजी शेअरमध्ये घातली होती. सत्तरीकडे झुकलेला, काठी टेकत चालणारा माणूस शेअरमध्ये पैसे घालतो म्हणून पेठेत त्यांच्याविषयी काळजीनं बोललं जायचं. त्या काळी शेअर म्हणजे सट्टा, असाच सगळ्यांचा समज होता.

पण सट्टेबाज माणूस भाव बघतो, आणि चाचा भाव कधीच बघत नसत. वर्तमानपत्रातलं शेअरबाजाराचं पान ते न उघडता चाचींना फडताळात घालायला देऊन टाकत. कोणी गल्लीत अडवून "आज काय भाव आहे?" म्हटलं तर म्हणत, "सून घरात आणल्यावर कोणी स्थळांच्या जाहिराती वाचत बसत नाही."

कंपनीचा वार्षिक अहवाल मात्र ते आठवडाभर वाचत, आणि तोही शेवटच्या पानापासून. बारीक अक्षरातल्या तळटिपा आधी, मग हिशेबतपासनीसांचं मत, मग आकडे. अध्यक्षांचं भाषण सगळ्यात शेवटी आणि तेही चाचींना मोठ्यानं वाचायला लावून. चाची वाचता वाचता जिथं हसल्या तिथं ते खूण करत. चकचकीत कागदावर पानापानाला फोटो असलेला अहवाल आला की त्यांचा चेहरा पडे. "गेल्या वर्षी चार फोटो होते, यंदा अकरा आहेत. काहीतरी झाकायचंय यांना," असं म्हणून ते कंपनीच्या दारात जायची तयारी करत.

कारण शेवटी त्यांचा विश्वास फक्त कंपनीच्या दारावर होता. हे मी स्वतः पाहिलं.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत तेव्हा एका टीव्ही बनवणाऱ्या कंपनीची फार चर्चा होती. भिंती तिच्या जाहिरातींनी रंगल्या होत्या. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी तिचे शेअर घेतले होते आणि रोज डबा खाताना ते आम्हाला सांगत, "ही उद्याची ब्लू चिप आहे. आज घ्या, उद्या मला दुवा द्या." आम्ही कोथरूडला जागा घ्यायची म्हणून पैसे साठवत होतो. मी घरी नवऱ्याला म्हटलं की ते सगळे त्यात घालावेत, दोन वर्षांत दुप्पट होतील. म्हटलं अर्थातच हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर काठी वाजली.

"कॉलेज किती वाजता सुटतं?"

"दीडला."

"दीडला फाटकाशी थांबा. डबा मी आणतो."

आम्ही दोन बस बदलून गावाबाहेर त्या कंपनीच्या फाटकासमोर जाऊन बसलो. समोर चहाची टपरी होती. चाचांनी चाचींनी दिलेली भाजी-पोळी माझ्यापुढे ठेवली आणि दोन चहा सांगितले. मला वाटलं, आता ते आत जाऊन कोणाला तरी भेटतील. ते हललेच नाहीत.

तीन वाजता पाळी सुटली. माणसं चहाला टपरीवर आली. चाचा ज्याच्या त्याच्याशी गप्पा मारू लागले. घर कुठलं, मुलं किती, किती शिकली. आणि प्रत्येकाला शेवटी एकच प्रश्न: "मग पोराला इथंच लावणार का?"

पहिला हसला. दुसरा म्हणाला, "कशाला चाचा, मीच दुसरीकडं अर्ज टाकलाय." तिसरा फाटकाकडे बघून म्हणाला, "नको." एवढंच. पाच-सात जणांना विचारलं. एकानंही हो म्हटलं नाही.

तेवढ्यात खोकी भरलेले दोन ट्रक फाटकातून आत गेले. मी म्हटलं, "काम तर जोरात दिसतंय. कच्चा माल येतोय."

"खोक्यांना सुतळी बांधलीय, बाई. नवा माल सुतळीनं बांधलेला येत नाही. एकदा उघडून बघितलेला येतो." ते उठले. "हे विकलेले टीव्ही आहेत. परत आलेत. माल बाहेर जाताना कोणीही मोजेल. परत येताना मोजायचा असतो."

आम्ही पैसे घातले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत मला भित्री ठरवण्यात आलं, आणि पहिल्या वर्षी भाव चढला तेव्हा मलाही तसंच वाटलं. तीन वर्षांनी त्या फाटकाला कुलूप लागलं. आमचे सहकारी नंतर डबा खाताना फक्त क्रिकेटबद्दल बोलत.

चाचा नेहमीच बरोबर ठरत असं मात्र नाही. चाचींना विचारलं असतं तर त्यांनी उलटंच सांगितलं असतं. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचा अहवाल त्यांना पसंत पडला होता. ते कारखाना बघून आले आणि अर्ज फाडून टाकला. कारण काय, तर तिथं काम करणाऱ्या बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. "ज्याला बायकांच्या दाराला कडी लावायचं सुचत नाही, तो माझे पैसे कसे सांभाळणार?" पुढं ती कंपनी अशी काही वर गेली की ज्यांनी तेव्हा शेअर घेतले त्यांचे बंगले झाले. प्रत्येक ईदला शिरखुर्मा वाढताना चाची मला ऐकवत, "एक कडी. बाजारात जाऊन मीच लावून आले असते."

चाचा वाटीतून डोकं वर न काढता म्हणत, "परवाच जाऊन आलो. अजून लावलेली नाही."

पण ज्या कंपनीचं नाव घेतल्यावर चाचीसुद्धा टोमणा मारत नसत, ती एकच होती. मांजरी गावाच्या अलीकडे तिचा कारखाना होता आणि तिथं बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनत. बॉयलरमधला दाब मर्यादेबाहेर गेला की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जादा वाफ बाहेर सोडतो. तो वेळेवर उघडला नाही तर बॉयलर फुटतो. व्हॉल्व्ह तपासायला त्या कारखान्यात स्वतःचा एक लहान बॉयलर होता, आणि नोकरीत असताना चाचांनी तोच बंद पाडला होता. ही हकिकत मला चाचींनी सांगितली. सांगताना त्या तांदूळ निवडत होत्या, पण पाठ ताठ करून बसल्या होत्या.

"साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला. यांना पत्र्याला कुठंतरी झीज दिसली. केला बंद. मालक तरुण होता, नुकताच वडिलांच्या जागी बसलेला. यांची नोकरी अशी होती की बॉयलर बंद केला की संध्याकाळच्या आत मुंबईहून फोन यायचा, नाहीतर घरी आंब्याची पेटी यायची. पेटी आली की मी दारातूनच परत करायची, हे ठरलेलं होतं. शेजारणी मला शिष्ट म्हणायच्या. आमच्या घरात आंबा आला तो विकत घेतलेलाच." त्यांनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "या मालकाकडून फोन आला नाही, पेटीही आली नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः यांच्या ऑफिसात गेला आणि उभा राहून म्हणाला, साहेब, किती दिवस लागतील ते विचारत नाही, काय काय करायचं तेवढं सांगा. हे घरी येऊन मला म्हणाले, हा माणूस टिकेल."

नोकरीत असताना, ज्यांचे बॉयलर तपासायचे त्यांचे शेअर घ्यायचे नाहीत, हा चाचांचा स्वतःचाच नियम होता. म्हणून ते थांबले. किती वर्षं थांबले ते चाचींनाही नीट आठवत नव्हतं. निवृत्तीचा हार घालून घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कंपनीचे शेअर घेतले.

त्या कंपनीचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. तिचे व्हॉल्व्ह परदेशात जाऊ लागले आणि एके दिवशी वर्तमानपत्रानं तिला ब्लू चिप म्हटलं. चाचा तो अंक घेऊन जिना चढून वर आले. तोवर त्यांना जिना फार जड जात होता. अंक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "यांना आत्ता कळलं." पुढच्या वर्षी ते गेले. चाची त्यांच्यामागे सहा वर्षं होत्या. त्यांनी त्या कंपनीचा एकही शेअर विकला नाही. शेअरबाजाराचं पान मात्र आता त्या फडताळात घालण्याआधी उघडून बघत. त्या कडी नसलेल्या कंपनीचा भाव बघायला.

पण मला सांगायचं आहे ते या सगळ्याच्या कितीतरी आधीचं. तेव्हा त्या व्हॉल्व्हच्या कंपनीला ब्लू चिप म्हणायला कोणी तयार नव्हतं. लोक तिचे शेअर मिळेल त्या किमतीला विकत होते.

त्या वर्षी तिचा अहवाल आला तो अगदी पातळ होता. त्यात एकही फोटो नव्हता. चाचांनी तो मला वाचायला दिला. कंपनीनं लिहिलं होतं की विकलेल्या व्हॉल्व्हमधल्या काही दांड्यांच्या धातूत आपल्या एका कामगाराला दोष आढळला आहे. अशा दांड्या बसवलेले सगळे व्हॉल्व्ह हंगाम सुरू व्हायच्या आत स्वखर्चानं परत मागवून बदलून दिले आहेत. त्यामुळे वर्षाचा नफा गेला असून कंपनीच्या स्थापनेपासून प्रथमच लाभांश देता येणार नाही.

चाचांनी तो माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाले, "गुरुवारी सभा आहे. रजा मिळेल? ते ध्वनिक्षेपकावरचं बोलणं मला नुसतं गुरगुरल्यासारखं येतं. कोण काय म्हणतंय ते कानात सांगायला कोणीतरी हवं."

गुरुवारी चाचींनी त्यांचा काळा कोट काढून दिला. एरवी अशा सभांना म्हणे निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत आणि लोक चहा-सामोसा घेऊन निघून जात. त्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. व्यासपीठावर अध्यक्ष होते. कधीकाळी चाचांच्या ऑफिसात उभा राहिलेला तो तरुण मालक आता कानशिलांवर पांढरा झाला होता.

एक सफारीवाले गृहस्थ बोलायला उठले. बोलणं सफाईदार होतं. "एका कामगाराला शंका येते आणि त्याच्या शंकेपायी कंपनी वर्षाचा नफा घालवते. मला अध्यक्षांनी सांगावं, त्या व्हॉल्व्हमुळे कुठं अपघात झाला होता का?"

अध्यक्ष म्हणाले, "नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"मग हा धंदा आहे की धर्मादाय संस्था?"

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "त्या कामगाराचं नाव सांगा." दुसरा म्हणाला, "त्याच्यावर काय कारवाई केली ते सांगा." मग बरेच जण एकदम बोलायला लागले. अध्यक्षांनी दोनदा हात वर केला, पण कोणी ऐकेना. मी हे सगळं चाचांच्या उजव्या कानात जसंच्या तसं सांगत होते. सांगणं मला जड जात होतं, कारण माझ्या आजूबाजूला बसलेले लोक साधे होते. निवृत्त कारकून, मास्तर, विधवा बायका. त्या लाभांशावर त्यांचं काहीतरी अवलंबून होतं. त्यांचा राग मला खोटा वाटत नव्हता.

चाचा काठीवर भार देऊन उठले. एक कर्मचारी ध्वनिक्षेपक घेऊन धावत आला. त्यांनी तो हातानं बाजूला केला.

"मी बॉयलर तपासायचो," ते म्हणाले, आणि तो आवाज ऐकून शेवटच्या रांगेपर्यंत माना वळल्या. "माझ्या नोकरीत बॉयलर फुटला म्हणून मी दोनदा गेलो. पहिल्या ठिकाणी मला भिंत सापडली नाही. दुसऱ्या ठिकाणी माणसं मोजायची होती, ती कोणाला मोजता येईनात. दोन्ही ठिकाणी आदल्या दिवसापर्यंत एकही अपघात झालेला नव्हता."

त्यांनी काठी व्यासपीठाकडे केली.

"मला लाभांशाबद्दल विचारायचं नाही. माझा एकच प्रश्न आहे. ज्या माणसानं हा दोष धरला, तो आज नोकरीत आहे का?"

अध्यक्ष काहीतरी म्हणाले. चाचांनी कान माझ्याकडे केला. मी सांगितलं, "आहे म्हणतात."

"कुठल्या कामावर?"

अध्यक्षांनी उत्तर दिलं. मी सांगितलं, "त्याच कामावर. तपासणीच्या."

"बढती देऊन दूर नाही ना पाठवलं? त्याच जागी आहे?"

आता अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला आणि तेही ओरडूनच बोलले. "त्याच जागी आहेत. आज इथं आलेत. मी बोलावलं नव्हतं. स्वतःहून आलेत."

सगळे मागे बघायला लागले. शेवटच्या रांगेतून कारखान्याचा राखाडी सदरा घातलेला एक बारकासा माणूस उठला. पंचेचाळिशीचा असेल. तो मान खाली घालून, हात पुढं बांधून उभा राहिला. शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा.

चाचा त्याच्याकडे वळले. "अहो, दोष कळला कसा?"

त्याच्या बोलण्यावरून तो मांजरीकडचाच वाटला. "साहेब, चूक माझीच हाय. गार असताना व्हॉल्व्ह टायमावर उघडायचा. तेवढंच बघून आम्ही पास करायचो. एक दिवस जेवायच्या सुट्टीत वाफ बंद करायची ऱ्हायली माझ्याकडनं. परत आलो तर व्हॉल्व्ह तासभर तापलेला. म्हणलं आता बघूच. तर दाब वर गेला तरी उघडंना. दांडी तापून अडकली होती. मग आधी पास केलेले दहा काढून तसेच तापवले. त्यातले चार अडकले."

त्याचं बोलणं चाचांपर्यंत नीट पोचलं नव्हतं. मी सगळं कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "विचारा त्यांना. वाफ बंद करायची राहिली, हे त्यांनी साहेबांना सांगितलं होतं का?" त्यांच्या दृष्टीनं हे कुजबुजणं होतं. ते सगळ्या सभागृहानं ऐकलं.

तो माणूस गोंधळला. "ते सांगितल्याबिगर पुढचं कसं सांगणार, साहेब?"

चाचांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. ते अध्यक्षांकडे वळले. "या वर्षी तुम्ही लाभांश दिला असता, तर मी उद्या सकाळी सगळे शेअर विकले असते. आता माझ्या बायकोच्या नावानं आणखी घेणार आहे. लोक स्वस्तात विकतायत, तेही बरं झालं." आणि ते खाली बसले.

मग आमच्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी टाळी वाजवली. त्यांच्यामागोमाग दुसऱ्यांनी, मग सगळीकडून टाळ्या यायला लागल्या. सगळ्यांनी वाजवल्या असं नाही म्हणणार. सफारीवाले गृहस्थ आपली बॅग उचलून निघून गेले, आणि त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जण. पण बाकीचे राहिले. कामगाराचं नाव पुन्हा कोणी विचारलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा विषय वाचायला घेतला.

"काय चाललंय?" चाचांनी मला विचारलं.

"लोक टाळ्या वाजवतायत."

"कोणासाठी?"

मी शेवटच्या रांगेकडे बोट केलं. "त्यांच्यासाठी." हे अर्धंच खरं होतं, पण पूर्ण सांगितलं असतं तर ते रागावले असते. त्यांनी मागे वळून पाहिलं. तो राखाडी सदऱ्यातला माणूस अजून उभाच होता. फक्त आता त्याची मान वर होती.

सभा संपल्यावर तोच आमच्याकडे आला. मला वाटलं, तो आभार मानेल. त्यानं खिशातून एक लहानशी पितळी दांडी काढली आणि चाचांच्या हातावर ठेवली. "नवी दांडी ही अशी केलीय साहेब. बघता का जरा?" चाचांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, नखानं तपासली आणि दोघं तिथंच व्हरांड्याच्या कठड्यावर बसून धातू, वाफ आणि दाब यांबद्दल अर्धा तास बोलत राहिले. एक ओरडून, दुसरा त्याहून मोठ्यानं ओरडून. अध्यक्ष येऊन बाजूला उभे राहिले होते. त्यांनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला नाही. चाचांनी त्यांच्याकडे बघून "बसा" म्हटलं तेव्हा तेही कठड्यावर बसले आणि ऐकू लागले.

मी चहाचा कप घेऊन थोडी लांब उभी होते. सभेत कोण कोण बोललं त्याची नोंद करणारा एक तरुण अधिकारी वही घेऊन माझ्याकडे आला. त्यानं कठड्यावरच्या काळ्या कोटाकडे, त्या पांढऱ्या दाढीकडे बघितलं, मग माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं आणि जरा अडखळला.

"आपण त्यांच्या विद्यार्थिनी का?"

"नाही."

"मग... कार्यालयातल्या सहकारी?"

"नाही."

"मग नातं काय लिहू?"

माझ्या तोंडावर आलेला शब्द पुण्यात माणूस बहुतेक वेळा घरमालकाची तक्रार सांगायला तोंड उघडताना वापरतो. पाणी येत नाही, दिवा काढला, जिना अडवला, असलं काहीतरी त्याच्यामागून येतं. मी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि सांगितलं, "मी त्यांची भाडेकरू आहे."

त्यानं तसंच लिहून घेतलं.